हे रान असं का? पाऊस, चराई आणि वणव्याच्या खुणा वाचायला शिकणाऱ्यांसाठी

वनस्पती ओळखता यायला लागल्या की सुरुवातीला सगळेच याद्या करतात. गवतं इतकी, झुडपं इतकी, झाडं इतकी. यादी तयार असते, पण कोणी विचारलं की या उतारावर गवत आणि पलीकडच्या उतारावर दाट झाडी, असं का, तर बहुतेकांचं उत्तर एका शब्दात संपतं: पाऊस. हे उत्तर अर्धंच आहे. हवामान ठरवतं ते जास्तीत जास्त काय उगवू शकेल एवढंच. प्रत्यक्षात रान त्याच्या किती अलीकडे अडलंय आणि कोणी अडवलंय, हे कळायला चराई, आग, तोड, वारा, पूर यांच्या खुणा वाचाव्या लागतात.

खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका. आधी हवामान, मग माती, मग खुणा, मग इतिहास. थेट जागेवर जाऊन सुरुवात केली की समोर चरणारी गुरं दिसतात आणि सगळा दोष त्यांच्या माथी जातो.

1. निघण्याआधी हवामानाचा हिशोब मांडा

जवळच्या हवामान केंद्राची नोंद मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान माहितीसंचात 1970 ते 2000 या काळाची सरासरी साधारण एक किलोमीटरच्या चौकोनासाठी मिळते आणि चिर्प्स या पावसाच्या माहितीसंचात 1981 पासूनचा पाऊस. दोन्ही फुकट आहेत.

फक्त वर्षाचा एकूण पाऊस लिहून थांबू नका. 1000 मिलिमीटर पाऊस बारा महिन्यांत विभागून पडला तर एक रान उभं राहतं आणि चार महिन्यांत कोसळून गेला तर दुसरंच. म्हणून कोरडे महिने किती, वाढीच्या हंगामात तापमान किती आणि पाऊस वर्षागणिक किती हेलकावतो, हे तिन्ही काढा. हेलकावा मोजायला प्रमाण विचलनाला (वर्षावर्षाचे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर जातात ते) सरासरीने भागा. उत्तर एक तृतीयांशाच्या वर गेलं तर त्या भागात दुष्काळच गवताला आणि गुरांना आलटून पालटून खाली आणतो. तिथे "इतक्या हेक्टरला इतकी गुरं" हा ठरीव हिशोब फारसा चालत नाही.

आता हवामानाची मर्यादा किती, याचा अंदाज घ्या. आफ्रिकेतल्या 854 ठिकाणांची आकडेवारी एकत्र करून 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की वर्षाला सुमारे 650 मिलिमीटरपर्यंत झाडांचं कमाल आच्छादन (झाडांनी झाकलेली जमीन) पावसाबरोबर वाढत जातं. त्याच्यावर पाऊस असेल तर झाडांचं छत पूर्ण जुळू शकतं. तरीही तिथे गवत टिकून असेल, तर ते आग किंवा चरणारे प्राणी टिकवतात. 2011 मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात 1000 ते 2500 मिलिमीटरच्या पट्ट्यात, कोरडा हंगाम फार कडक नसेल तिथे, एकाच हवामानात दाट जंगल आणि मोकळं गवताळ रान अशा दोन्ही अवस्था सापडल्या. मधली अवस्था मात्र क्वचितच. झाडी दाट झाली की सावलीत गवत वाढत नाही, गवत नाही म्हणून आग आत शिरत नाही, आणि जंगल जंगलच राहतं. उघड्या रानात हेच चक्र उलटं फिरतं.

हा 650 चा आकडा आफ्रिकेतल्या सवाना (गवत आणि विरळ झाडं एकत्र असलेल्या) रानांचा आहे. तो उचलून दुसऱ्या खंडावर नियम म्हणून लावू नका. थंड प्रदेशात तर पावसाचा प्रश्न मागे पडतो. उंच डोंगरांवर झाडांची रेषा साधारणपणे वाढीच्या हंगामातलं सरासरी तापमान 6 ते 7 अंश सेल्सिअस असतं तिथे थांबते. त्यावरच्या गवताला चराईने तयार झालेलं कुरण म्हणण्याआधी हा आकडा तपासा.

2. बरोबर काय घ्यायचं

कागदपत्रं:
- जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी. संरक्षित क्षेत्र असेल तर नमुने गोळा करण्याची परवानगी बहुधा वेगळी लागते.
- भागाचा उंचीच्या रेषा असलेला नकाशा, छापलेला. मोबाइलवरचा पुरत नाही.
- जुनी आणि नवी उपग्रहचित्रं. लँडसॅटची 1972 पासूनची मिळतात. सेंटिनेल-2 ची अलीकडची आहेत, पण 10 मीटरपर्यंत बारकावा दाखवतात.
- आगीच्या नोंदी. मोडिस उपग्रहयंत्रणेवरून 2000 पासून जळलेल्या क्षेत्राचे नकाशे निघाले आहेत. मात्र 500 मीटरच्या चौकोनात लहान आगी निसटतात.

साहित्य: 50 मीटरची टेप, एक मीटर बाजूची चौकट (चार काठ्या आणि दोरी पुरते), जीपीएस, उतार मोजायचं साधन, खुरपं, हातभिंग, कागदात दाबून ठेवायला वनस्पतीदाबणी, पेन्सिल. पेन नको, ओलाव्यात शाई पसरते.

वेळ गवतं फुलोऱ्यात असतील तेव्हाची ठरवा. फुलोरा नसलेलं गवत ओळखणं अनुभवी माणसालाही जड जातं.

3. आधी पायाखाली बघा

खुरप्याने हात-दीड हात खोल खड्डा घ्या. खडक लगेच लागतो का? माती चिकण आहे का, वाळूत पाणी लगेच मुरतं का? उथळ मातीत आणि पाणी साचणाऱ्या चिकणमातीत पाऊस भरपूर असूनही झाडं मागे पडतात. पुराच्या काही मैदानांत झाडं फक्त वाळवीच्या वारुळांवर उभी दिसतात, कारण तिथे मुळं पाण्याबाहेर राहतात. असं चित्र दिसलं तर चराईचा विषय तिथेच बाजूला ठेवा.

उताराची दिशाही लिहा. विषुववृत्तापासून दूर गेलात की ऊन खाणारा उतार आणि सावलीतला उतार यांच्यात इतका फरक पडतो की एकाच टेकडीवर दोन हवामानं असल्यासारखं वाटतं.

4. तुकडे मांडा, पण आवडीच्या जागी नको

मोजणीचे तुकडे असे आखा: गवतासाठी 1 × 1 मीटर, झुडपांसाठी 5 × 5, झाडांसाठी 10 × 10 किंवा मोठे. झाडाचा घेर जमिनीपासून 1.3 मीटरवर मोजा. आच्छादनासाठी ब्राऊन-ब्लांके पद्धतीचे वर्ग सोपे पडतात: 5 टक्क्यांपेक्षा कमी, 5 ते 25, 25 ते 50, 50 ते 75 आणि त्यावर. डोळ्याने 37 टक्के आणि 42 टक्के यांतला फरक कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे उगाच अचूकतेचा आव आणू नका.

तुकड्याची जागा नकाशावर आधीच ठरवा. जागेवर जाऊन ठरवली की पाय आपोआप फुलं असलेल्या, चालायला सोप्या जागेकडे वळतात.

सर्वात कामाची जागा म्हणजे कुंपणाची रेषा. दोन्ही बाजूंना तीच माती, तोच पाऊस, तोच उतार, वापर तेवढा वेगळा. अशी रेषा सापडली की दोन्ही बाजूंना जोडीने तुकडे घ्या. सोबत कुंपण तिथेच का घातलं हेही विचारून ठेवा. पुष्कळदा चांगली माती संपते तिथेच कुंपण पडलेलं असतं, मग तुलनाच फसते.

आणखी एक सापळा चांगल्या चांगल्यांना पकडतो. एका जळलेल्या पट्ट्यात दहा चौकटी टाकल्या म्हणजे दहा नमुने झाले असं नाही. आग एकच होती, म्हणून नमुनाही एकच. दहा चौकटींऐवजी वेगवेगळ्या वेळी जळलेले चार पट्टे शोधा.

5. चराईच्या खुणा

गवत चराई का सोसतं, हे आधी डोळ्यांनी पाहा. एक ठोंब हाताने बाजूला करा आणि काडीच्या तळाशी भिंग लावा. नवीन पान जिथून वाढतं तो भाग जमिनीलगत, जुन्या पानांच्या आवरणात लपलेला असतो. वरचं पान खाल्लं तरी कारखाना खाली चालूच. बहुतेक झुडपांचे आणि रोपट्यांचे वाढीचे कोंब मात्र शेंड्यावर असतात आणि शेळीच्या तोंडात पहिले तेच जातात.

म्हणून "चराई" एवढंच लिहून भागत नाही. कोण चरतं ते लिहा. गाय-म्हैस जिभेने गवताचा पेंढा वेढून ओढते, तिला अगदी आखूड गवत जमत नाही. मेंढी जमिनीलगत कातरते. शेळी मागच्या पायांवर उभी राहून पाला ओरबाडते. जंगली प्राण्यांतही गवत खाणारे आणि पाला खाणारे असे दोन्ही गट असतात आणि त्यांचा परिणाम एकमेकांच्या उलट होऊ शकतो.

जागेवर हे शोधा:

- पाल्याची रेषा: झाडांचा खालचा पाला एका ठराविक उंचीपर्यंत कातरल्यासारखा नाहीसा. ही उंची मोजा, प्राणी ओळखायला मदत होते.
- गादीसारखी दाटलेली बुटकी झुडपं. कोंब पुन्हा पुन्हा खाल्ले गेले की झुडूप आडवं, दाट होतं. मधोमध एखादा शेंडा वर निसटलेला दिसला तर चराई अलीकडे कमी झाली असं समजा.
- उंचवट्यावर बसलेले गवताचे ठोंब, आजूबाजूची माती वाहून गेलेली. ही धोक्याची खूण आहे.
- काटेरी झुडपाच्या पोटात वाढणारी कोवळी, चवदार रोपं, बाहेर उघड्यावर एकही नाही. म्हणजे बी आहे, पाऊस पुरेसा आहे, अडवणारं तोंड तेवढं बाहेर आहे.
- चीक असणारी, उग्र वासाची, काटेरी झाडं वाढलेली आणि मऊ गवतं घटलेली.

चराईचा जोर मोजायला पाणवठ्यापासून सरळ रेषेत चालत जा. 50, 100, 200, 500 मीटर आणि एक किलोमीटरवर चौकट टाका. पाण्याजवळ उघडी जमीन आणि एकवर्षायू तण, पुढे आखूड गवत, त्याही पुढे उंच बहुवर्षायू गवत, असा उतरता क्रम मिळाला तर चराईचा परिणाम चांगला पकडला गेला. गुरांची संख्या विचारून जे कळत नाही ते या रेषेवर दिसतं. संख्येपेक्षा त्याच ठोंबाला परत तोंड लागेपर्यंत सावरायला किती दिवस मिळतात, यावर गवताचं नशीब ठरतं.

चराई म्हणजे नुकसानच, हे गृहीत धरू नका. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात 1982 मध्ये गुरांच्या चराईवर बंदी आली. म्हशी थांबल्यावर पास्पॅलम डिस्टिकम हे पाणगवत इतकं माजलं की पाणथळ जागा भरत गेल्या, आणि पाणपक्ष्यांसाठी हीच जागा राखायची होती. अमेरिकेतल्या कॅन्सासमधल्या कोन्झा प्रेअरीत बायसन परत आणल्यावर जवळजवळ तीन दशकांत स्थानिक वनस्पतींच्या जाती दुपटीच्या आसपास वाढल्या. गाई चारलेल्या भागातही वाढ झाली, पण बरीच कमी. हजारो वर्षं चरणाऱ्या कळपांबरोबर वाढलेली गवतं एक आणि ज्यांनी कळप कधी पाहिलाच नाही ती गवतं वेगळी. कोरड्या भागातली गवतं तर दुष्काळासाठी जी सोय करतात (बुटकेपणा, जमिनीखालचा साठा) तीच चराईलाही कामी येते.

6. आगीच्या आणि उलथापालथीच्या खुणा

उष्ण, हंगामी पावसाच्या रानात आगीशिवाय चित्र पूर्ण होत नाही. 2005 मध्ये जगभराच्या वनस्पतींचं संगणकीय प्रारूप आग बंद करून चालवलं, तेव्हा दाट जंगलाखालचं क्षेत्र 27 टक्क्यांवरून 56 टक्क्यांवर गेलं. म्हणजे हवामानाच्या हिशोबाने जंगल व्हावं अशा फार मोठ्या भूभागावर गवत आणि मोकळी झाडी आहे.

एक प्रयोग स्वतः करून पाहा, अर्थात परवानगीने. गवताळ रानात गुडघाभर उंचीचं, अंगठ्याएवढ्या खोडाचं रोपटं निवडा आणि मुळाभोवतीची माती उकरा. पुष्कळदा खाली मनगटाएवढा, गाठाळलेला मुळाचा कंद लागतो. ज्याला तुम्ही रोप समजत होता ते वर्षानुवर्षांचं झाड निघतं. दर वणव्यात वरचा भाग जळतो, खालून पुन्हा फुटवा येतो. दोन-तीन मीटरच्या ज्वाळेच्या वर शेंडा नेण्याइतका आगीविना काळ मिळाला, की ते सुटलं. हे पाहिलंत की "इथे झाडांची नवी पिढीच नाही" असं अहवालात लिहायची घाई होणार नाही.

आणि म्हणूनच झाडं मोजताना संख्या आणि उंची दोन्ही लिहा. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात 1954 पासून ठराविक तुकडे वेगवेगळ्या अंतराने आणि वेगवेगळ्या हंगामांत जाळले जातात. आगीने तिथे झाडांच्या संख्येपेक्षा त्यांच्या आकारात जास्त फरक पडला. नुसती संख्या मोजणाऱ्याला आगीचा परिणाम दिसलाच नसता.

आगीबद्दल दोन गोष्टी नोंदवा: किती वर्षांनी आणि कोणत्या हंगामात. कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला गवतात ओल असते, आग सौम्य जाते. शेवटी लागलेली आग झुडपांना जमिनीपर्यंत नेते. कोन्झात दरवर्षी जळणारे पाणलोट गवताळ राहिले, तर चार वर्षांनी जळणाऱ्या पाणलोटांत झुडपं पसरली.

जागेवरच्या खुणा: खोडाच्या बुंध्याशी त्रिकोणी व्रण, उतारावर बहुधा चढाच्या बाजूला, जाड, भेगाळ साली, मातीत कोळशाचे कण, आणि काही ठरावीक गवतं. कुसळी गवत, म्हणजे हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस, आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलिया आणि हवाईपर्यंत सापडतं. त्याचं पिकलेलं कुसळ तळहातावर घेऊन पाण्याचा थेंब टाका. ते पीळ उलगडत गोल फिरू लागतं. रानात हाच फिरका टोकदार बी मातीत रोवतो आणि वरून आग गेली तरी बी वाचतं.

सगळ्या आगी गवतातल्या नसतात. 1988 मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे 36 टक्के भाग आगींच्या तडाख्यात आला. तिथल्या लॉजपोल पाइनचे बरेच शंकू राळेने बंद असतात आणि उष्णतेने उघडतात. अशा आगीनंतर एकाच वयाच्या झाडांची दाट फौज उभी राहते. त्यामुळे जंगलात सगळी खोडं एकाच घेराची दिसली तर मागे कधीतरी एकदाच मोठं काहीतरी घडलं होतं, असा तर्क करा आणि ते आग, वादळ की तोड हे शोधा. वादळाने उन्मळलेल्या झाडाजवळ खड्डा आणि शेजारी मातीचा ढीग राहतो, आणि सगळे ढीग एकाच दिशेला असतात. तोडीनंतर एका बुंध्यातून तीन-चार खोडं उठतात. हे सगळं पटकन ओळखता येतं, त्यावर जास्त वेळ घालवायची गरज नाही.

7. आग आणि चराई वेगवेगळ्या रकान्यांत कोंबू नका

चरणारे प्राणी आगीचं इंधन खातात. हे विसरलं की निष्कर्ष उलटा निघतो.

टांझानियातल्या सेरेंगेटी या गवताळ रानाचं उदाहरण मुळातून समजून घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेत बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा साथीचा रोग शिरला आणि गुरांबरोबर वाइल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या जंगली प्राण्याचे कळपही कोसळले. न खाल्लेलं गवत वाळून आगी वाढल्या. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर गुरांचं लसीकरण झालं, रोग हटला आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अडीच-तीन लाखांच्या घरात असलेले वाइल्डबीस्ट 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुमारे 13 लाखांवर गेले. गवत आखूड झालं, आगी घटल्या, आणि झाडं वाढली. म्हणजे गवत खाणारा प्राणी वाढला आणि फायदा झाडांना झाला.

जास्त चराईमुळे झुडपं का वाढतात, या प्रश्नाचं एक उत्तर इथेच आहे. मात्र झुडपं वाढण्याला हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइडही हातभार लावतो. फुटव्यांना त्यामुळे भरभर वर निघता येतं. कारण एकच असेल असा हट्ट धरू नका.

8. इतिहास विचारा

जनावरं चारणाऱ्यांशी बोला. "पूर्वी कसं होतं" असा मोघम प्रश्न विचारला तर "पूर्वी चांगलं होतं" असंच उत्तर येतं. कोणतं गवत दिसेनासं झालं, शेवटची मोठी आग कोणत्या साली, जनावरं कोणत्या महिन्यात कुठे नेत होते, असं नेमकं विचारा. मिळालेलं उत्तर उपग्रहचित्रांशी ताडून पाहा.

रान मुळातच गवताळ की जंगल तोडून गवताळ झालेलं, हा वाद नेहमी होतो. प्रयोगशाळेची सोय असेल तर मातीतल्या कार्बनचे समस्थानिक (कार्बनचे कमी-जास्त वजनाचे प्रकार) सांगतात. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक गवतांचा कार्बन उणे 12-13 सहस्रांशाच्या आसपास असतो, झाडांचा उणे 27 च्या जवळ. खोल मातीतही गवताचाच ठसा सापडला तर ते रान जुनं आहे. ओसाड समजून अशा रानात झाडं लावली तर जमिनीखाली कंद आणि गड्डे ठेवून जगणाऱ्या वनस्पती सावलीने जातात, आणि त्या परत यायला अनेक दशकं, कधी शतकं लागतात.

9. खात्री हवी असेल तर कुंपण घाला

खुणा वाचून तर्क मिळतो, पुरावा मिळतो तो कुंपणातून. किमान तीन-चार जागी जोड्या करा: एक तुकडा बंद, शेजारचा उघडा. जमलं तर तिसरा असा, की मोठी जनावरं अडतील पण ससे, उंदीर आत जातील. कुंपण घालण्याआधीच दोन्ही तुकडे मोजून घ्या, नाहीतर मुळातला फरक कुंपणाच्या खात्यात जमा होतो. कडेचा एक मीटर मोजणीतून वगळा.

पहिल्या वर्षी बंद तुकड्यात गवत उंच होईल आणि सगळे खूश होतील. जाती बदलायला वेळ लागतो. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडचा पार्क ग्रास प्रयोग 1856 पासून चालू आहे आणि अजून नवं काही सांगतो. तुमच्याकडे तेवढा वेळ नसला तरी पाच वर्षांच्या आत "चराईबंदीने सुधारणा झाली" असं लिहू नका. त्यातही एखादं वर्ष भरपूर पावसाचं असेल तर उघडा तुकडाही सुधारलेला दिसेल. तुलना नेहमी जोडीशी करा, मागच्या वर्षाशी नको.

10. नोंद कशी लिहायची

प्रत्येक जागेसाठी चार ओळी पुरतात: हवामान काय होऊ देतं, माती काय अडवते, कोणत्या खुणा दिसल्या, आणि याच खुणांचं दुसरं कारण काय असू शकतं. चौथी ओळ रिकामी राहत असेल तर जागेवर परत जा. तुकड्याच्या एका कोपऱ्यात खूण रोवा, तिथे उभं राहून ठरलेल्या दिशेला तोंड करून फोटो काढा, दिशा अंशांत लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच पंधरवड्यात तोच फोटो परत घ्या.